जोर नको, भार टाका : शियात्सूबद्दल वाचकांचे प्रश्न

शियात्सू ही जपानी पद्धत. ‘शि’ म्हणजे बोट, ‘आत्सु’ म्हणजे दाब. अंगावरचे सुती कपडे तसेच ठेवून, तेल न लावता, जमिनीवरच्या गादीवर झोपवून अंगठ्याने, तळहाताने, कोपराने ठरावीक जागी स्थिर दाब द्यायचा. हे शिकायला लागलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. यातले बरेचसे प्रश्न फिरून एकाच जागी येतात, म्हणून पहिलं उत्तर मोठं आहे. ते आधी वाचावं, मग पुढचं.

दोन दिवसांची कार्यशाळा करून आलो. घरच्यांवर सराव करतो, पण दुसऱ्या माणसाची पाठ होईपर्यंत माझ्या अंगठ्यांची मुळं ठणकायला लागतात. बोटांची ताकद कशी वाढवू? (एक वाचक, सातारा)

ताकद वाढवू नका. ताकद वापरताय म्हणूनच अंगठे ठणकताहेत. आपल्याकडे पाय चेपून देताना हात आवळून बोटांनी दाबायची सवय असते. पाच-दहा मिनिटं ते चालून जातं. शियात्सूत तासभर काम असतं आणि तेवढा वेळ बोटांचे स्नायू तग धरत नाहीत. इथे हाताने जोर लावायचा नसतो, अंगाचा भार पुढे सोडायचा असतो. हात म्हणजे खांब. छपराचं वजन खांबातून खाली उतरतं, खांब स्वतः काही ढकलत नाही.

आधी बसणं तपासा. गुडघे टेकून बसा, दोन्ही गुडघ्यांत खांद्यांएवढं अंतर ठेवा. गुडघे जवळ असले की तोल जातो आणि तोल सांभाळायला हात आपोआप आवळले जातात. कोपर सरळ ठेवा, पण ताठ कुलूप घातल्यासारखं नको. आता कमरेतून पुढे झुका. पोट पुढे गेलं पाहिजे, डोकं नव्हे. जपानी लोक पोटाला ‘हारा’ म्हणतात आणि सगळी हालचाल तिथून करायला शिकवतात, त्याचा रोकडा अर्थ एवढाच.

मग अंगठा. टोकाने दाबायचं नाही, पहिल्या पेराच्या मांसल भागाने दाबायचं. नख इतकं कापलेलं हवं की तळव्याच्या बाजूने पाहिलं तर ते पेराच्या वर डोकावू नये. अंगठ्याची दोन्ही पेरं, मनगट आणि कोपर एका ओळीत आणा. बाकीची चार बोटं पसरून अंगावर हलकेच टेकवा, म्हणजे अंगठा एकटा पडत नाही. पुष्कळांचा अंगठा दाबताना मधल्या सांध्यातून मागे धनुष्यासारखा वाकतो. तसा वाकला की भार थेट मनगटाजवळच्या सांध्यावर जातो. टोकाशी दिलेला दाब त्या सांध्यापाशी कित्येक पट होतो, म्हणून दुखतं ते मुळाशी, टोकाशी नाही. तुमचा अंगठा असा वाकत असेल तर त्याच्यावर दुसरा अंगठा ठेवून दाबा, किंवा ती जागा तळहाताच्या टाचेने करा.

सरावासाठी घरातला वजनकाटा घ्या. फिरत्या काट्याचा जुना असेल तर उत्तम, अंकांचा काटा थोडा उशिरा बोलतो. तो जमिनीवर ठेवा, समोर गुडघ्यांवर बसा आणि अंगठ्याने नुसत्या हाताच्या जोरावर ४ किलो दाखवा. काटा थरथरेल, ३.५ आणि ४.५ च्या मध्ये नाचेल. आता हात सोडा, अंगठा टेकवा आणि कमरेतून पुढे रेला. काटा सावकाश चढेल आणि ४ वर उभा राहील. ही थरथर आणि हे उभं राहणं झोपलेल्या माणसाला पाठीवर जसंच्या तसं जाणवतं. रोज पाच मिनिटं करा : तीन सेकंदांत शून्यापासून ४ वर, पाच सेकंद तिथेच, तीन सेकंदांत परत शून्यावर. येताना घाई करू नका. झटक्याने उचललेला हात झटक्याने दाबलेल्या हाताइतकाच वाईट.

पहिले दोन महिने अंगठ्याने ३ ते ५ किलो आणि तळहाताने १० किलोच्या पुढे जायचं कारण नाही. आता जो ठणका आहे तो थांबेपर्यंत अंगठे बाजूला ठेवा, फक्त तळहाताने करा. मूठ वळून मनगट करंगळीकडे झुकवल्यावर अंगठ्याच्या बाजूला सणक येत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. ते नुसतं थकव्याचं दुखणं नसतं.

पूर्ण पाठीचा क्रम नीट सांगाल का? कुठून सुरू करायचं, किती जागा, किती वेळ? (एक वाचिका, नाशिक)

माणसाला पालथं झोपवा. घोट्यांखाली टॉवेलची गुंडाळी द्या, म्हणजे पाऊल मुडपत नाही. कमरेला जास्त बाक असेल तर पोटाखाली पातळ उशी सरकवा. मान एका बाजूला वळलेली असेल तर पाठ अर्धी झाली की आठवणीने दुसरीकडे वळवायला सांगा, नाहीतर उठल्यावर मान धरते आणि दोष शियात्सूला जातो.

त्याच्या कमरेशी, बाजूला बसा. माकडहाडाच्या वरचं जे सपाट त्रिकोणी हाड असतं त्यावर एक तळहात ठेवा आणि तीन-चार श्वास काहीच करू नका. नवीन शिकणारे हा भाग वगळतात. पण याच वेळात तुम्हाला त्याच्या श्वासाची लय कळते, आणि पुढचं सगळं त्या लयीवर चालायचं असतं. तो श्वास सोडतो तेव्हा तुम्ही रेलायचं, तो घेतो तेव्हा मागे यायचं. घेत्या श्वासात दाबलंत तर बरगड्या फुगायला आणि तुमचा हात खाली जायला एकच गाठ पडते. माणूस दम धरतो आणि स्नायू दगड होतो.

पहिला फेरा तळहातांचा. खांद्याच्या फऱ्यांच्या मधून कमरेपर्यंत, कण्याच्या एका बाजूने, मग दुसऱ्या. दुसरा फेरा अंगठ्याचा. कण्याच्या मध्यरेषेपासून त्या माणसाची दोन बोटं सोडा. तिथे कण्याला समांतर असा स्नायूंचा उंचवटा लागतो, दोरखंडासारखा. त्याच्या माथ्यावर, दर दोन मणक्यांच्या मधल्या पातळीला एक दाब. फऱ्याच्या वरच्या टोकापासून कमरेपर्यंत साधारण दहा-बारा जागा होतात. प्रत्येक जागी एक श्वास, म्हणजे चार-पाच सेकंद. एका बाजूला मिनिटभर लागतं. खुद्द मणक्यांच्या टोकांवर कधीही दाब नको.

एक हात कामाला असताना दुसरा रिकामा ठेवू नका. तो त्या त्रिकोणी हाडावर किंवा फऱ्यांच्या मधे नुसता टेकलेला राहू द्या. शियात्सूची एक वेगळी पद्धत घडवणारे जपानी शिक्षक शिझुतो मासुनागा यांच्या परंपरेत या स्थिर हाताला आई-हात आणि फिरणाऱ्या हाताला मूल-हात म्हणतात. आई-हात उचलला की माणूस सावध होतो. हे स्वतः कुणाकडून तरी करून घेऊन पाहा, एकदा पटलं की विसरत नाही.

इथे हमखास चुकतं ते कोनात. पाठ सपाट नसते. कमरेत ती आत जाते, वरच्या बाजूला डोक्याकडे उतरते. दाब नेहमी त्या त्या जागेच्या पृष्ठभागाला काटकोनात हवा. कमरेशी बसूनच वरची पाठ करायला गेलात तर दाब तिरका पडतो आणि अंगठा दोरखंडावरून घसरून बाजूला जातो. त्या घसरण्याची कळ जाते. म्हणून वरची पाठ डोक्याशी बसून, पायांच्या दिशेने रेलून करा. उंचवट्यावरून अंगठा चळतोय असं वाटलं की त्याच जागी जोर वाढवू नका. मागे या, पुन्हा ठेवा.

शेवटच्या दोन बरगड्या पुढे जोडलेल्या नसतात, त्यांच्यावर बाजूने आत दाबू नका. तिथे तळहात पुरे. कमरेखालच्या त्रिकोणी हाडावर दोन्ही बाजूंना चार-चार लहान खळगे लागतात, तिथे दोन्ही अंगठे एकदम ठेवून वरून खाली या. गरोदर बाईला हे करायचं नाही, त्याचं पुढे येईलच.

तिसरा फेरा फक्त जिथे बोटाला काही सापडलं तिथे. कडक गाठीवर लोक तुटून पडतात. ती सावकाश उघडू द्या : तीन श्वास थांबा, सोडा, खालची जागा करून परत या.

अंथरुणावर करू की जमिनीवर? पलंगावरची फोमची गादी चालेल का? (एक वाचक, ठाणे)

फोम नको. तुम्ही टाकलेला भार गादी पिते, माणूस खाली जातो आणि जागेवर काहीच पोहोचत नाही. मग तुम्ही जोर लावता. जपानमध्ये जमिनीवर फुतोन घालतात. आपली पिंजलेल्या कापसाची गादी जवळजवळ तीच वस्तू आहे. दोन-तीन इंच जाड, नीट बसलेली गादी, वर सतरंजी. गादी माणसापेक्षा प्रत्येक बाजूला हातभर रुंद हवी, कारण तुमचे गुडघेही तिच्यावरच टेकायचे आहेत. ते फरशीवर राहिले तर महिनाभरात दुखतील. गुडघ्यांमुळे जमिनीवर बसणं शक्यच नसेल तर टेबल चालतं, पण ते बुटकं हवं : शेजारी सरळ उभं राहिल्यावर लोंबत्या हाताच्या मुठीपर्यंत. स्वयंपाकघराच्या ओट्याएवढ्या उंचीवर भार टाकता येत नाही, ढकलावंच लागतं.

घरी तेल लावून रगडायची पद्धत आहे. शियात्सूत थोडं तेल वापरलं तर बिघडलं कुठे? (एक वाचिका, कोल्हापूर)

रगडण्यात हात सरकला पाहिजे, इथे तो सरकता कामा नये. तेल लागलं की अंगठा जागा सोडतो. तेलाची मालिश वेगळ्या दिवशी करा, दोन्हींची सरमिसळ नको.

पुस्तकात दाब द्यायचे बिंदू मिलिमीटरमध्ये दाखवतात, माणसाच्या अंगावर सापडत नाहीत. दुखेल ती जागा बरोबर, असं समजायचं का? (एक वाचक, सांगली)

मोजमाप त्या माणसाच्याच बोटांनी होतं, तुमच्या नव्हे. त्याच्या अंगठ्याची सांध्यापाशी जी रुंदी तो एक ‘सुन’. तर्जनी आणि मधलं बोट जोडून दीड सुन, चारही बोटं जोडून तीन सुन. म्हणून लहान मुलाच्या आणि पहिलवानाच्या अंगावर बिंदू आपापल्या ठिकाणी येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ॲक्युपंक्चरच्या ३६१ बिंदूंच्या जागांचं प्रमाणीकरण प्रसिद्ध केलं, तेही याच मापात आहे.

एक बिंदू धरून सराव करा. जपानीत त्याला ‘आशी नो सानरी’ म्हणतात. गुडघा थोडा वाकवा. वाटीच्या खाली बाहेरच्या बाजूला एक खळगा लागतो. तिथून चार बोटं खाली या आणि नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर सरका. आता बोट अर्धा-अर्धा सेंटिमीटर वर, खाली, बाहेर हलवत चाचपा. एका ठिकाणी पेर किंचित आत बसतं. बिंदूला जपानी शब्द आहे ‘त्सुबो’, त्याचा साधा अर्थ मडकं : तोंड लहान, आत पोकळी. बोटाला तसंच लागतं. माप तुम्हाला गल्लीपर्यंत नेतं, घर चाचपूनच सापडतं.

दुखण्याचं म्हणाल तर, दुखलं म्हणजे बरोबर, असं नाही. जोराने दाबलं तर कुठेही दुखतं. जे हवं असतं ते गोड दुखणं, जे संपू नये असं वाटतं. जपानीतही ‘दुखरं आणि छान’ असा जोडशब्दच आहे. तोंडाने माणूस भिडेपोटी ‘बरं वाटतंय’ म्हणतो, म्हणून अंगाकडे पाहा. पायाची बोटं वळली, श्वास अडला, अंगठ्याखाली स्नायू उलट वर आला, तर अर्ध्यावर या. मांडीत किंवा हातात वीज गेल्यासारखी सणक, मुंग्या किंवा बधिरपणा आला तर तुम्ही नसेवर आहात. लगेच उठा, जागा बदला.

ऑफिसमध्ये खुर्चीत बसलेल्या माणसाची मान-खांदे दहा मिनिटांत करता येतील का? (एक वाचिका, पुणे)

येतील. हात नसलेली खुर्ची, पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले. मागे उभं राहून दोन्ही कोपरांजवळचा हाताचा सपाट भाग खांद्यांवर ठेवा आणि पाच श्वास नुसतं रेला. कोपराचं टोक नको, ते टोचतं. मग मानेच्या मुळाशी उठून दिसणारा मणका आणि खांद्याचं बाहेरचं टोक यांच्या मधोमध, वरच्या कडेवर अंगठे. सरळ खाली, तीन वेळा, प्रत्येकी एक श्वास. बहुतेकांचा सगळा ताण इथे साठलेला असतो.

आता बाजूला या. एक हात त्याच्या कपाळाला आधार म्हणून द्या, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट कवटीच्या खालच्या कडेच्या दोन खळग्यांत बसवा. कानामागचं हाड आणि मानेचा मध्य यांच्या मधे हे खळगे असतात. कपाळाचं वजन तुमच्या हातात येऊ द्या आणि बोटांची दिशा समोरच्या उलट बाजूच्या डोळ्याकडे ठेवा. तीन सेकंद, तीन वेळा. कपाळाचा हात विसरलात तर डोकं पुढे जातं, माणूस मान आवळतो आणि खळगाच बंद होतो.

मानेच्या पुढच्या बाजूला हात नको. तिथे मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात. अनुभवी माणसंही तिथे फार हलक्या हाताने आणि एकावेळी एकाच बाजूला काम करतात, दोन्ही बाजू एकदम कधीच नाही. मान झटकून कडकड वाजवणं हा शियात्सूचा भाग नाही. चक्कर आली तर थांबा. मानेतून हातात सतत मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टर.

आई ७२ वर्षांची आहे, मधुमेह आणि हाडं ठिसूळ. बहीण पाच महिन्यांची गरोदर. दोघींना करता येईल का? (एक वाचिका, मडगाव)

आईला डॉक्टरांना विचारून, फक्त तळहाताने आणि वजनकाट्यावर २ किलोपर्यंत. पालथं झोपवू नका, बरगड्यांवर स्वतःचंच वजन येतं. कुशीवर झोपवा, डोक्याखाली आणि गुडघ्यांच्या मधे उशी. पाठीवर आणि बरगड्यांवर अंगठा अजिबात नको. मधुमेहात तळव्याची जाणीव कमी झालेली असू शकते, म्हणजे तुम्ही जास्त दाबताय हे तिला कळणारच नाही. आधी डोळे मिटायला सांगून कापसाने तळव्याला स्पर्श करा. सांगता आलं नाही तर पावलांना नुसता हात धरून बसा. बोटांच्या बेचक्यांत जखम, भेग आहे का ते दरवेळी पाहा. इन्सुलिन टोचलेल्या जागी दाबू नका. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, हलक्या दाबानेही काळं-निळं होतं.

एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर तिला हातही लावू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आत रक्ताची गुठळी असू शकते. ही सूचना सगळ्यांसाठी आहे, वय कितीही असो. तसंच ताप, ताजं हाडमोड, फुगलेल्या शिरा, उघडी जखम, कर्करोगावरचे उपचार : शिकाऊ हातांनी इथे थांबायचं.

बहिणीला घरच्या सरावासाठी वापरू नका. परंपरेने गरोदरपणात वर्ज्य मानलेल्या जागा मात्र प्रत्येकाने पाठ कराव्यात : खांद्याचा वर सांगितलेला मधला बिंदू, हाताच्या अंगठा-तर्जनीमधला बिंदू, आतल्या घोट्याच्या चार बोटं वरचा बिंदू, बाहेरच्या घोट्यामागचा खळगा, पायाच्या करंगळीच्या नखाचा कोपरा आणि माकडहाडावरचं त्रिकोणी हाड. तिला बरं वाटावं म्हणून काही करायचंच असेल तर डॉक्टरांची हरकत नसताना, डाव्या कुशीवर झोपवून पाठीवर आणि दंडावर तळहात टेकवून ठेवा. तेवढ्यानेही झोप लागते.

नामिकोशी आणि मासुनागा अशा दोन पद्धती ऐकतो. कोणती शिकू? आणि कार्यशाळेच्या प्रमाणपत्राचा उपयोग काय? (एक वाचक, नागपूर)

तोकुजिरो नामिकोशी (१९०५ ते २०००) यांनी १९४० मध्ये तोक्योत शियात्सूची शाळा काढली. त्यांची पद्धत शरीररचनेवर उभी आहे : स्नायू, हाडं, नसा, आणि अंगभर नेमलेल्या जागांवर ठरलेल्या क्रमाने अंगठ्याचा दाब. मासुनागा (१९२५ ते १९८१) मानसशास्त्र शिकलेले. त्यांनी त्याच शाळेत शिकवलं आणि पुढे पोटावर हात ठेवून तपासणं, बिंदूंना जोडणाऱ्या पारंपरिक रेषांवर (मेरिडियन) काम, कोपर-गुडघ्यांचा वापर, दोन हातांची जोडी असं वेगळं अंग विकसित केलं. सुरुवातीला नामिकोशींचा क्रम घ्या. तो ठरलेला असल्यामुळे तुम्ही काय चुकलात ते शोधता येतं. वर्षभराने मासुनागांकडे वळलात तर दोन्ही कळतील.

प्रमाणपत्राबद्दल स्पष्ट लिहितो. जपानमध्ये १९५५ च्या कायद्यातल्या दुरुस्तीत शियात्सूचा उल्लेख आला, १९६४ मध्ये परवान्याच्या नावातच तो शब्द घातला गेला, आणि आज तिथे व्यवसाय करायला मान्यताप्राप्त शाळेत किमान तीन वर्षं आणि नंतर राष्ट्रीय परीक्षा लागते. त्यापुढे दोन दिवसांचा कागद म्हणजे हजेरीची पावती. त्यावर पैसे घेऊन रुग्ण हाताळू नका.

वर्ग निवडताना फी नंतर विचारा. आधी हे विचारा की एकूण तासांतले किती तास प्रत्यक्ष हाताने काम आहे, एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, आणि शिक्षक स्वतः झोपून प्रत्येकाचा दाब आपल्या पाठीवर घेतो का. तुमचा दाब कसा लागतो हे बघून सांगता येत नाही, अंगावर घेऊनच सांगता येतं. घरी आठवड्यातून तीनदा, निदान चार वेगवेगळ्या अंगांवर सराव करा : एक जाड, एक किडकिडीत, एक तरुण, एक उतारवयाचं. वहीत तारीख, कुठे कडक लागलं, त्या माणसाने दुसऱ्या दिवशी काय सांगितलं एवढंच लिहा. दुसऱ्या दिवशी ‘अंग मोकळं वाटलं’ हे ठीक. ‘अंग ठेचल्यासारखं झालं’ असं दोघांनी सांगितलं, की परत वजनकाटा काढा आणि ३ किलोंपासून सुरू करा.